वखारीतलं पिल्लू कोणत्या जातीचं?

प्रश्न : निपाणीत आमची तंबाखूची वखार आहे. दिवाळीच्या सुमारास तिथल्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागं एका मांजरीनं चार पिल्लं घातली. आई आखूड केसांची, करड्या अंगावर काळे पट्टे, पांढरा ठिपका कुठंही नाही. पिल्लं मात्र चार तऱ्हांची निघाली. एक आईसारखं पट्टेरी, ती मादी आहे असं डॉक्टर म्हणाले. एक काळं कुळकुळीत. एकाचं पोट आणि पाय पांढरे, पाठीवर काळी आणि तांबडी ठिगळं. चौथं राखी रंगाचं, लांब मऊ केसांचं, निळ्या डोळ्यांचं. ते नर की मादी अजून कळलेलं नाही. आता सगळी सहा आठवड्यांची झालीत. राखी पिल्लू बघून शेजारी म्हणतात पर्शियन आहे, चांगले पैसे येतील. मुलीनं फोनमधल्या अ‍ॅपला फोटो दाखवला तर एकदा ‘रशियन ब्लू’ आलं, दुसऱ्यांदा ‘नेबेलुंग’. आम्हाला विकायचं नाही, पण त्याची जात आणि रंग कोणता, आणि एका आईची पिल्लं इतकी वेगळी कशी, हे समजून घ्यायचंय.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : राखी पिल्लाला जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या आईला नाही, आणि बापालाही बहुतेक नसावी. यात त्या पिल्लाचं काही उणं होत नाही.

जनावराची जात विचारायची आपल्या भागाला सवय आहे, आणि सवय चांगली आहे. चिकोडी-संकेश्वर पट्ट्यातला शेतकरी खिल्लार बैल लांबूनच ओळखतो, आणि जवळ गेल्यावर तो कोसा की काजळी हेही सांगतो. मुधोळची शिकारी कुत्री आपल्याला परकी नाहीत. घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली, २००५ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. कृष्णाकाठचा ‘कृष्णा व्हॅली’ बैल तर एकोणिसाव्या शतकात इथल्या संस्थानिकांनी काळ्या चिकट जमिनीच्या मशागतीसाठी मुद्दाम घडवला. या सगळ्यांत कोणता नर कोणत्या मादीला लावायचा हे माणसानं ठरवलं, पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं, आणि लक्षात ठेवलं. जात म्हणतात ती या निवडीला.

मांजराच्या बाबतीत आपल्याकडं असं कुणी केलं नाही, कारण गरजच पडली नाही. बैलानं ओढायचं, कुत्र्यानं पळायचं, तर त्याप्रमाणं अंग घडवावं लागतं. मांजर उंदीर धरायचं आपलं आपण शिकून आलं. धान्याच्या कणगीला उंदीर लागले, उंदरांमागं रानमांजराची एक जात माणसाच्या वस्तीला आली आणि राहिली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. मांजरांच्या जाती मात्र अगदी कालच्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १३ जुलै १८७१ रोजी पहिलं मोठं मांजर-प्रदर्शन भरलं, तिथून पुढं जातींची वर्णनं लिहिणं आणि वंशावळी ठेवणं सुरू झालं. आज जगात चाळीस ते सत्तर जाती मानतात. आकडा कोणती संस्था मोजते त्यावर ठरतो. जगातली बहुतेक मांजरं यांतल्या एकाही जातीत बसत नाहीत. आणि जातींच्या नावांवर विसंबू नका. ‘बॉम्बे’ नावाची काळीभोर जात मुंबईशी काही संबंध नसताना १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तयार झाली.

आता तुमच्या अ‍ॅपकडं वळू. ‘रशियन ब्लू’ आखूड केसांचं असतं, तेव्हा ते उत्तर तिथंच बाद. ‘नेबेलुंग’ची गोष्ट मात्र तुम्ही ऐकायलाच हवी. १९८४ साली अमेरिकेत कोरा कॉब यांच्याकडं एका साध्या, आखूड केसांच्या काळ्या मांजरीला एक राखी, लांब केसांचं पिल्लू झालं. पुढच्या वेतात तसंच आणखी एक. दोन्ही त्यांना इतकी आवडली की त्यांनी त्यांची जोडी लावली, वंशावळ लिहिली, संस्थेकडं अर्ज केला, आणि जात उभी राहिली. म्हणजे तुमच्या वखारीत पोत्यांमागं जे घडलं तेच तिथं घडलं होतं. पुढची चोपडी कुणीतरी ठेवली, एवढाच फरक.

जात बाजूला ठेवली की रंग उरतो, आणि रंगात वाचण्यासारखं पुष्कळ आहे. परदेशातले मांजरवाले राखी रंगाला ‘ब्लू’ म्हणतात आणि तांबड्याला ‘रेड’. आपला ‘राखी’ शब्द त्यांच्या ‘ब्लू’पेक्षा खरा आहे. पट्टेरी मांजराला ते ‘टॅबी’ म्हणतात. हे नाव बगदादच्या अत्ताबी मोहल्ल्यात विणल्या जाणाऱ्या लहरी रेशमावरून आलं. तिरंगी मांजराला ‘कॅलिको’ म्हणतात, ते कालिकतच्या, म्हणजे आपल्या कोळिकोडच्या सुती कापडावरून. दोन्ही नावं मागावरून उतरलेली. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकर घरांत वाढलेल्या माणसाला मांजराच्या पाठीचा पोत समजायला वेळ लागणार नाही.

पट्टेरी रंग हा मांजराचा मूळ रंग. कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण, डोळ्यांच्या कोपऱ्यातून गालावर उतरलेली काजळरेघ, पायांना कडी, शेपटीला वळी. तुमच्या मांजरीचा एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून उन्हात बघा. टोक काळं, मध्ये पिवळसर कडं, मुळाशी करडा. असे हजारो केस एकमेकांवर पडले की लांबून करडं अंग दिसतं. जिथं ते पिवळसर कडं पडतच नाही तिथं काळा पट्टा. पिल्लाला दोन्हीकडून ‘कडं पाडू नको’ असा निरोप आला, की सगळं अंगच काळं होतं. तुमचं काळं पिल्लू असं झालं. तरी त्याला कोवळ्या उन्हात धरलं तर काळ्यावर काळे पट्टे पुसट दिसतील. मोठेपणी ते बहुधा जातात.

तिसरं, तिरंगी पिल्लू. ते मादी आहे, न तपासता सांगतो. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. बोक्याला एकच एक्स, म्हणून तो एक तर तांबडा किंवा काळ्या घराण्यातला. दोन्ही एकदम नाही. भाटीला दोन एक्स. एकावर तांबडं, दुसऱ्यावर काळं असेल तर दोन्ही रंग एका अंगावर येतात. कसे येतात याचा उलगडा मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली केला. गर्भ अगदी लहान असताना मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स मिटतो, आणि त्या पेशीची सगळी लेकरं तोच मिटलेला ठेवतात. जिथं तांबडा उघडा राहिला तिथं तांबडं ठिगळ, जिथं काळा राहिला तिथं काळं. कोणता कुठं मिटेल याला नियम नाही. म्हणून २००१ साली टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीपासून जगातलं पहिलं क्लोन मांजर केलं, तेव्हा त्याच्या अंगावर तांबडा रंग आलाच नाही, आणि ठिगळांची मांडणीही वेगळी निघाली. तिरंगी बोका हजारोंत एखादा सापडतो, आणि त्याला सहसा एक एक्स जास्तीचा असतो. एक्सवरचं हे तांबडं जनुक नेमकं कोणतं, ते जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ साली प्रसिद्ध केलं. मांजर दारात बसलेलं असताना इतकी वर्षं हे कोडं सुटलेलं नव्हतं.

आता यातून तुमच्या वखारीत येऊन गेलेल्या बोक्याचा माग लागतो. आईच्या अंगावर तांबडं नाही, म्हणजे तिरंगी पिल्लाला ते बापाकडून आलं. आईवर पांढरंही नाही, आणि असा पांढरा रंग एका पालकाकडून आला तरी दिसतो, म्हणजे तोही बापाचा. तेव्हा या पिल्लाचा बाप तांबडा-पांढरा बोका. गल्लीत विचारा, कुणाच्या तरी कौलावर बसलेला सापडेल. पण तांबड्या बोक्याकडं एकच एक्स असल्यामुळं त्याच्या प्रत्येक लेकीला तांबडं मिळतंच. मग डॉक्टरांनी मादी सांगितलेलं पट्टेरी पिल्लू त्याचं असेल, तर तिच्या अंगावर कुठं तरी तांबडं हवं. हनुवटीखाली, पायांच्या बोटांमध्ये, शेपटीच्या टोकाशी निरखून बघा. कधीकधी नखाएवढाच ठिपका असतो. तो नसेल तर तिचा बाप दुसरा आहे. मांजरीच्या एकाच वेतात दोन-तीन बोक्यांची पिल्लं असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यातच आलं. राखी पिल्लालाही हाच कस लावा. मादी निघाली आणि अंगावर फिकट तांबूस छटा कुठंच नसली, तर तीही त्या तांबड्या बोक्याची नव्हे. नर निघाला तर बाप कुणीही असू शकतो.

राखी रंग म्हणजे विरळ झालेला काळा. रंगाचे कण केसात सारखे पसरण्याऐवजी गोळा होतात आणि काळा आपल्याला राखी दिसतो. हा गुण आणि लांब केसांचा गुण, दोन्ही लाजरे. आई आणि बाप दोघांकडून आले तरच उमटतात, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या आत दडून राहतात. आजीचे घारे डोळे मुलांत कुणालाच नसतात आणि अचानक नातीत उतरतात, तसंच हे. तुमच्या आखूड केसांच्या पट्टेरी मांजरीत राखी रंग आणि लांब केस दोन्ही दडलेले होते. म्हणजे शेजाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणं बाप अस्सल पर्शियन असता, तरी आईच्या वाट्याशिवाय एकही लांब केसांचं पिल्लू झालं नसतं. पर्शियन ओळखायचं ते तोंडावरून, नुसत्या केसांवरून ओळखता येत नाही. पिल्लाला बाजूनं बघा. नाक कपाळाखाली खोल दबलेलं, गाल फुगीर, कान लहान आणि एकमेकांपासून दूर, पाय बुटके असतील तरच त्या रक्ताचा संशय घ्यावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ‘डॉल फेस’ म्हणून विकली जाणारी कित्येक पिल्लं नुसती लांब केसांची साधी मांजरं असतात. वंशावळीचा कागद मागितला की बोलणं संपतं. मला याचं वाईट वाटतं, कारण लोक पैसे मोजून पिल्लू नेतात, आणि तशीच पिल्लं दवाखान्याच्या पायरीशी कुणीतरी खोक्यात सोडून गेलेलं असतं.

रंगाचा शेवटचा निकाल मात्र आज लावू नका. सहा आठवड्यांचं पिल्लू अजून आपल्या रंगात आलेलं नसतं. निळे डोळे तर सगळ्याच पिल्लांचे निळे; बुबुळात रंग भरायला आता सुरुवात होईल, आणि तीन-चार महिन्यांत ते हिरवट किंवा पिवळे होतील. अंगाच्या रंगातही एक फसगत असते. आई गाभण असताना तिला ताप आला किंवा तिची फार आबाळ झाली, तर पिल्लाच्या केसात रंग नीट उतरत नाही आणि ते चंदेरी-राखी जन्मतं. आमच्या बेळगावच्या घरी माळ्यावर असं एक पिल्लू जन्मलं होतं. आम्ही त्याचं नाव राखी ठेवलं, आणि सहा महिन्यांनी ती काजळासारखी काळी झाली. नाव तेच राहिलं. तेव्हा तुमच्या पिल्लाच्या मानेवरचे केस बोटांनी हळू विंचरून मुळाशी बघा. मुळापासून टोकापर्यंत एकच राखी असेल तर तो पक्का. मुळाशी गडद, टोकाशी फिकट दिसला तर थांबा, कातडीलगतचा रंग तोच पुढं वर येणार.

सयामी मांजराचं पिल्लू याहून चकवणारं. जन्मतः ते जवळजवळ पांढरं असतं, कारण त्याच्या अंगात रंग तयार करणारं द्रव्य ऊब असेल तिथं काम करत नाही. बाहेर आल्यावर कान, नाक, पंजे, शेपटी असे थंड राहणारे भाग आधी काळपट होतात. ऑपरेशनसाठी पोटावरचे केस भादरले, तर तिथं नवे केस कधीकधी गडद येतात.

आणखी एक गोष्ट रंगाच्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची. पिल्लं वखारीत आहेत. मांजर दिवसभर अंग चाटतं, आणि अंगावर बसलेला तंबाखूचा खकाणा त्या चाटण्याबरोबर पोटात जातो. निकोटिन मांजराला विषारी असतं, आणि पिल्लाच्या जिवाला थोडंही पुष्कळ होतं. तेव्हा ओल्या फडक्यानं चौघांची अंगं पुसा आणि आईसकट त्यांना घराच्या ओसरीवर किंवा पडवीत हलवा. आई एखाद दुसऱ्या वेळी त्यांना तोंडात धरून परत नेईल, मग पुन्हा आणा. अजून दोन आठवडे तरी त्यांना आईपासून तोडू नका. पुढं आईचं ऑपरेशन करून घेतलंत तर वखारीत दर हंगामाला हाच प्रश्न उभा राहणार नाही.

प्रश्न : आमच्या उसाची तोड चालू आहे. काल फडात टोळीतल्या बायकांना पाचटात तीन पिल्लं मिळाली. मुठीएवढी आहेत, डोळे नुकते उघडलेत, अंगावर ठिपके. हात लावला की फिस्कारतात. टोळीतली मुलं ‘बिबट्याची’ म्हणतात, घरचे म्हणतात मांजराचीच. ‘बेंगाल’ जातीची असतील का? घरी आणून दूध पाजू का?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : आणू नका. गाईचं दूध तर मुळीच पाजू नका. बाकीचं वाचण्याआधी पिल्लं जिथं मिळाली तिथंच सावलीत ठेवा.

बेंगाल ही जात अमेरिकेत जीन मिल यांनी वाघाटी या लहान जंगली मांजराच्या भाऊबंदातल्या एका आशियाई रानमांजरापासून पुढं आणली. ती आपल्या उसात येणार नाही. बिबट्याची पिल्लं मुठीत मावत नाहीत. उरतात तीन शक्यता. गावातल्या मांजरीनं निवांत जागा म्हणून पाचटात पिल्लं घातली असतील. किंवा ती रानमांजराची असतील, ज्याला काहीजण बाऊल म्हणतात. किंवा वाघाटीची असतील. उसाच्या पट्ट्यात हे शेवटचे दोघेही राहतात, कारण तिथं उंदीर भरपूर आणि वर्षभर आडोसा.

शेपटीपासून सुरुवात करा. घरच्या पट्टेरी पिल्लाच्या शेपटीवर बुडापासून टोकापर्यंत वळी असतात. रानमांजराची शेपटी आखूड, वळी टोकाकडंच, पाय अंगाच्या मानानं लांब, कानांची मागची बाजू तांबूस आणि टोकाला काळ्या केसांची झुलपी. वाघाटीच्या शेपटीवर ठळक वळी नसतात. तिचे कान लहान आणि गोल, डोळ्यांवरून मानेकडं पांढऱ्या आणि गडद रेघा गेलेल्या, पाठीवर ठिपके ओळीनं मांडलेले, पोट पांढरं आणि त्यावरही ठिपके. पिल्लांचे ठिपके काळसर असतात, गंजासारखा रंग नंतर चढतो. पूर्ण वाढलेली वाघाटी सुमारे एक ते दीड किलोची, म्हणजे घरच्या भाटीहूनही लहान. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांत तिची गणना होते, आणि भारत, श्रीलंका, नेपाळ एवढ्याच देशांत ती आहे.

पण डोळे नुकते उघडलेल्या पिल्लांत हा फरक जाणकारालाही अवघड जातो, तेव्हा ती रानातलीच आहेत असं धरून चाला. दोन्ही रानमांजरांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पाळणं गुन्हा आहे. वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवा. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला, ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची, रानमांजराची आणि वाघाटीची पिल्लं वन खातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले लोक अशीच आईकडं परत पोचवतात. रीत साधी आहे. पिल्लं एका उथळ बुट्टीत गोणपाटावर ठेवायची, सापडली त्याच जागी. भोवतीच्या चार-सहा सऱ्यांचा ऊस त्या दिवशी उभा सोडायचा. संध्याकाळनंतर माणूस, कुत्रं, बॅटरी कुणीच तिकडं फिरकायचं नाही. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, ही समजूत मनातून काढून टाका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो, ते रानातल्या आईलाही लागू आहे. ती अंधारात येते, एकेकाला मानेला धरून उचलते, आणि तीन पिल्लांसाठी तीन खेपा करते. पहिल्या रात्री एकच नेलं असेल तर दुसऱ्या रात्रीही बुट्टी तिथंच ठेवा, आणि तोपर्यंत टोळीला फडाच्या दुसऱ्या कडेनं तोड घ्यायला सांगा.